घुबडावरचा कोट

१

मेंढीच्या मणक्यातून ड्रिलचं टोक आरपार बाहेर आलं, तरी सळी गप्पच राहिली.

तिने गप्प राहायचं नव्हतं, शिट्टी मारायची होती. त्याचसाठी तर तिचा जन्म! ड्रिलच्या पोटातून गेलेली केसाएवढी काचेची तार, टोकातून डोळ्यांना न दिसणारा उजेड हाडात सोडायचा आणि परत येईल तेवढा मोजायचा, एवढंच तिचं काम. मणक्याच्या आतला रक्ताळलेला गर उजेड गिळून टाकतो. बाहेरची कडक पांढरी भिंत तो परत फेकते. भिंत जवळ आली की सळी शिट्टी मारणार आणि सर्जन हात थांबवणार. नाही थांबवला, तर भिंतीपलीकडे मज्जारज्जू असतो, आणि मग माणूस पुन्हा आपल्या पायावर उभा राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आज पलीकडे फक्त स्टीलचा ट्रे होता. ड्रिल त्याच्यावर खर्रकन घासलं आणि सळीला परवानगी द्यायची की नाही हे ठरवायला आलेल्या, काचेआड बसलेल्या समितीच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"पुन्हा एकदा," सूनबाई म्हणाली. सळी तिने घडवलेली, तीन वर्षं खपून. इंजिनिअर ती, आणि या हॉस्पिटलच्या मोठ्या सरांची सून.

मोठ्या सरांनी दुसरं भोक पाडलं. पुन्हा आरपार, पुन्हा सळी मुकी. सरांनी ड्रिल खाली ठेवलं आणि हातमोजे काढले.

हे सगळं टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने बघत होत्या भूलताई. सरांची थोरली बहीण, भूल देणारी डॉक्टर. समितीने नेहमीसारखं चालू थिएटर दाखवा म्हटल्यामुळे त्या आपल्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या, पण ट्रेमधल्या हाडाला कसली भूल देणार? बसल्या बसल्या त्यांनी पेशंटच्या बोटाला लावायचा चिमटा आपल्याच बोटाला लावला आणि स्वतःची नाडी बघत बसल्या.

खरं सांगायचं तर त्यांच्या पोटात दुखत होतं. सूनबाई सळीची तयारी करत असताना धाकटा भाऊ काचेकडे तोंड करून म्हणाला होता, "असं यंत्र मी जन्मात पाहिलं नाही." भूलताईंनी तीस वर्षं त्याच्या पेशंटना झोपवलं आणि सुखरूप जागं केलं. एकदा तरी म्हणाला होता का, ताई, छान झोपवलंस? आणि पडद्यावर बघतात तर त्यांची नाडी उड्या मारत होती. साठ, एकशेवीस, नुसत्या रेघा, पुन्हा सत्तर. हेव्याने काळीजच जागेवरून हललं की काय, म्हणून त्यांनी घाईघाईने चिमटा काढून टाकला.

समितीचे अध्यक्ष उभे राहिले. "जेवण झाल्यावर आम्ही निर्णय देऊ. कारण सापडलं तर सांगा. नाही सापडलं, तर हे काम आपण इथेच बंद करू."

२

"आत्या, माझी सळी खोटं बोलत नाही."

सूनबाई भूलताईंच्या खोलीत येऊन उभीच राहिली होती. बसायचंही भान नव्हतं तिला.

"बस आधी. आणि रडायचं असेल तर रडून घे, मग बोल."

"रडायला वेळ नाहीये." ती बसली. तिच्या तर्जनीला चिकटपट्टी होती, कोपरा नीट दुमडून लावलेली. "सकाळी काच लागली. यांनी बांधून दिलं," ती म्हणाली आणि तेवढ्यातही तिच्या चेहऱ्यावर जरासं कौतुक उमटलं. "आत्या, सळीची पेटी कुलपात होती. टोकाला ओरखडा नाही. आत्ता माझ्या खोलीत नेऊन पुन्हा पांढरं दाखवलं, तर लगेच शिट्टी मारली."

"पांढरं दाखवलं म्हणजे?"

"सुरुवातीला तिला एक पांढरी चकती दाखवावी लागते. बाई गं, पांढरं म्हणतात ते हे, असं सांगायचं. मग हाडातलं सगळं ती त्याच्याशी ताडून बघते. तेव्हा वरचा मोठा दिवा तेवढा बंद पाहिजे, नाहीतर त्याचाही उजेड ती चकतीच्या खात्यावर धरते. सकाळी दिवा बंद होता, मी स्वतः बघितला."

"म्हणजे तुझ्या खोलीत बोलते आणि थिएटरमध्ये तिची दातखीळ बसते."

"कुणीतरी काहीतरी केलंय. तुम्ही सगळ्यांना ओळखता. मला कोण सांगणार? मी बाहेरून आलेली."

भूलताईंनी तिच्याकडे बघितलं. या पोरीचा त्यांना हेवा वाटत होता, अजूनही वाटत होता. पण हेवा वाटणं वेगळं आणि तिचं वाटोळं झालेलं बघवणं वेगळं.

"दिवा कुणी बंद केला?"

"हेड सिस्टरनी."

३

हेड सिस्टर हत्यारं पुसत होत्या. एरवी हे काम त्या कुणालाही सांगतात. आज स्वतः करत होत्या आणि एकेक हत्यार असं आपटत होत्या की जणू त्याने काही गुन्हा केलाय.

"दिवा मी बंद केला, सगळ्यांच्या देखत केला," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं सरांच्या उजव्या हाताला उभी राहिले. सरांनी हात पुढे करायच्या आत हत्यार हातात. आता तिथे सूनबाई उभ्या राहतात आणि मी दिवे मालवते. तुम्हाला काय वाटतं, मी आनंदाने नाचत असेन?"

"नाही वाटत."

"मग सरळ विचारा, सळी तू बिघडवलीस का?"

"बिघडवली का?"

"नाही. पण आरपार गेलं ना, तेव्हा बरं वाटलं." सिस्टरनी मान फिरवली. "अगदी एक क्षण. मग सरांचा चेहरा बघितला आणि माझीच मला लाज वाटली."

हे खरं होतं. खोटं बोलणारा माणूस आपल्या पोटातलं एवढं काळं काढून दाखवत नाही. भूलताई निघाल्या तेवढ्यात सिस्टर पाठीमागून कुरकुरल्या.

"आणि तुमच्या भावाला सांगा, कोट एकतर घुबडावर टाका नाहीतर खुंटीला लावा. सकाळी स्टुलावर भिरकावला होता. समिती यायच्या आत मी उचलला."

घुबड म्हणजे थिएटरच्या कोपऱ्यात उंच दांड्यावर बसलेला दोन काचेच्या डोळ्यांचा कॅमेरा. हत्यारांना लावलेल्या चकचकीत गोळ्या बघून हत्यार हाडात कुठवर गेलंय ते तो पडद्यावर दाखवायचा. दोन वर्षांपूर्वी मोठ्या थाटात आला. सरांनी महिनाभर वापरला, मग एक दिवस म्हणाले, "माझ्या बोटांना याच्यापेक्षा चांगले डोळे आहेत," आणि त्याच्यावर आपला कोट टाकला. तेव्हापासून तो कोट अडकवायचा खांब झाला होता. थिएटरच्या नियमात ते बसत नव्हतं, पण मोठ्या सरांना सांगणार कोण?

बोटांना डोळे! भूलताई जिन्यातच थबकल्या. सळी गप्प राहिली ते राहिली. पण भाऊ का नाही थांबला? भिंत लागली की त्याचा हात आपोआप थांबतो, ही तर या हॉस्पिटलची ख्याती. आणि आज त्याने एकदा नव्हे, दोनदा ड्रिल आरपार घातलं होतं.

४

मोठे सर आपल्या खोलीत पाठमोरे उभे होते. मनगटाची गुंडी लावत होते, आणि ती काही लागत नव्हती.

"मुद्दाम आरपार घातलंस का?" भूलताईंनी दारातूनच विचारलं.

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"मला नाही, तुला लागलं असेल. सुनेची सळी आली की तुझ्या बोटांचं महत्त्व संपलं. तोंडाने कौतुक करायचं आणि हाताने असं? तुझ्या बोटांना भिंत कळली नाही, हे मी कसं मानू?"

सरांनी गुंडीचा नाद सोडला. त्यांनी हात खिशात घातला.

"कोट कुठे टाकला होतास सकाळी?"

"घुबडावर, रोजच्यासारखा. तू कोटाचं काय घेऊन बसलीस? जा तू आता." आवाज चढला होता, पण रागाने नव्हे. भूल चढायच्या आधी घाबरलेल्या पेशंटचा असतो तसा आवाज होता तो. भूलताईंनी तो आयुष्यभर ऐकला होता, पण या तोंडून कधी नाही.

बाहेर चहाच्या खोलीत पिंट्या बसला होता. सरांचा मुलगा, सूनबाईचा नवरा. हॉस्पिटल त्याला धाकटे सर म्हणे, आणि या सहा फुटी सर्जनला पिंट्या म्हणायचा हक्क फक्त भूलताईंचा होता. आई लहानपणीच गेली, याच आत्याने त्याला वाढवलं. गुडघे फोडून यायचा. आत्या चिकटपट्टी लावायची.

"आत्या, बस. माझा चहा घे, मी उष्टा नाही केलेला."

"बायको तिकडे एकटी आहे."

"हो, जातो." पण तो उठला नाही. चहावर साय धरली होती. "बाबा का नाही थांबले गं? सळीचं जाऊ दे, ती काय, यंत्रच आहे. पण बाबा? बाबांना कळायला हवं होतं."

"तुला सळीपेक्षा त्याचंच जास्त लागलंय की."

"तसं नाही." तो गडबडला. "मी तिला म्हणत होतोच, आणखी थोडं थांब, घाई करू नकोस."

भूलताईंनी चहाचा एक घोट घेतला, तो थंडगार होता. म्हणजे पोरगा बराच वेळ इथे नुसता बसून होता. बायकोचं तीन वर्षांचं काम मातीत जात होतं आणि हा विचारत होता की बाबा का नाही थांबले. जणू सळी गप्प राहणार हे याला आधीच ठाऊक होतं, आणि बाबा थांबणार हेही!

५

थिएटर रिकामं होतं. मणका ट्रेमध्ये तसाच पडला होता. भूलताई आपल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी चिमटा पुन्हा बोटाला लावला.

बहात्तर. बहात्तर. एकाहत्तर. नाडी अगदी शहाण्या मुलासारखी चालत होती. बरं, हेवा तर अजून होताच, मग सकाळीच काळजाला काय झालं होतं?

त्या स्टुलावर बसून राहिल्या, आणि जुन्या सवयीने त्यांचा हात बाजूच्या हिरव्या फडक्याकडे गेला. बोटावर टाकायला. ही सवय कधी लागली? घुबड आलं तेव्हा! घुबड चालू असलं की पेशंटच्या बोटावरचा चिमटा वेड्यासारखा आकडे दाखवायचा. चिमटाही बोटातून उजेड पाठवूनच नाडी मोजतो, आणि घुबडाचे डोळे नुसते बघत नाहीत, न दिसणारा उजेड खोलीभर फेकत असतात. म्हणून त्या बोटावर फडक्याची घडी टाकायच्या. घुबडावर कोट पडला, तसं फडकंही विसरलं गेलं.

त्यांनी चिमटा काढला आणि कोपऱ्यात जाऊन घुबडाच्या पाठीला हात लावला. पाठ अजून कोमट होती.

म्हणजे सकाळी हे चालू होतं, आणि नंतर कुणीतरी गुपचूप बंद केलं. कोट काढून स्टुलावर टाकलेला, डोळे थेट टेबलावर. वरचा दिवा मालवला, सगळ्यांना वाटलं अंधार झाला. सळीला मात्र चकतीबरोबर घुबडाचाही झगझगाट दिसला. पांढरं म्हणजे इतकं लखलखीत, असं ती शिकली, आणि मग मेंढीच्या हाडाची पांढरी भिंत तिला मळकी वाटली. मळक्या भिंतीला कोण शिट्टी मारतो? बिचारी गप्प राहिली.

पण घुबड चालू असलं की त्याच्या कपाळावर हिरवा दिवा लागतो. तो कसा कुणाला दिसला नाही? भूलताईंनी चष्मा वर केला. दिव्यावर चिकटपट्टीचा तुकडा होता. मोठ्या सरांना तर घुबडाचं बटण कुठे आहे हेही माहीत नाही. घुबड चालवायला शिकायला गेले होते दोघंच, पिंट्या आणि हेड सिस्टर. सिस्टर चिकटपट्टी सरळ कापतात. "ताई, कोपरा दुमडून पट्टी वाया घालवता तुम्ही," असं दर ऑपरेशनला ऐकवतात.

या पट्टीचा कोपरा दुमडलेला होता.

कोपरा दुमडला की पट्टी काढताना दुखत नाही. हे भूलताईंनी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं, त्याच्या फुटलेल्या गुडघ्यावर. त्यांनी ती पट्टी दिव्यावरून सोडवून आपल्या बोटाला चिकटवली.

६

"घुबड कुणी आणलं होतं रे हॉस्पिटलात?"

चहाच्या खोलीत अजून तसाच बसलेल्या पिंट्याने वर बघितलं. आत्याच्या बोटावर ती पट्टी होती. त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं.

"मी. बाबांच्या हातापाया पडून आणलं. त्यांनी कोट टाकला त्याच्यावर, आत्या! सगळ्यांसमोर! एवढी वर्षं त्यांच्याशेजारी उभा राहतोय, कधी बरं केलंस म्हणाले नाहीत. आणि हिची सळी बघितली, तर लगेच जन्मात पाहिलं नाही. घरी जेवताना सळी, गाडीत सळी. माझ्याच घरात मला जागा उरली नाही." त्याने नाक पुसलं. "तिचं वाईट नव्हतं करायचं मला. सळी गप्प राहील, बाबा आपले भिंतीशी थांबतील, सगळे म्हणतील हात तो हात. एवढंच होईल असं वाटलं. बाबा थांबलेच नाहीत."

"मला तुझं कळतं, पिंट्या," भूलताई म्हणाल्या. "तुझ्या बापाचा हेवा करण्यात माझी हयात गेली. सकाळी सुनेचाही केला. पण मी नुसता चिमटा माझ्याच बोटाला लावला. तू घुबडावरचा कोट काढलास."

पिंट्याने थंड चहाचा कप दूर सारला.

"समितीला मी सांगू शकते. पण तू सांगावंस असं मला वाटतं, आणि आत्ता."

७

त्याने सांगितलं. काचेच्या अलीकडे उभं राहून, समितीच्या तिघांना, आणि एकदाही आत्याकडे न बघता. भूलताईंनी घुबड चालू केलं, चिमटा बोटाला लावून उड्या मारणारे आकडे दाखवले, फडकं टाकून ते शांत करून दाखवले. शंकेला जागाच उरली नाही.

सूनबाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आपल्या बोटावरची पट्टी बघितली.

"सकाळी ही लावून दिलीस, तेव्हा घुबड चालू केलेलं होतं?"

"हो."

तिने दुमडलेला कोपरा धरला आणि पट्टी काढली. ती सहज निघाली. तिने ती ट्रेच्या कडेला चिकटवली आणि पाठ फिरवून सळीची तार जोडायला लागली.

"यांच्याबद्दल काय करायचं ते आम्ही नंतर ठरवू," अध्यक्ष म्हणाले. "आधी पुन्हा करून दाखवा. मोठे सर, घ्या ड्रिल."

मोठे सर जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. "माझ्या बोटांना आता काही कळत नाही. बधिर झालीत. गेले काही महिने खऱ्या पेशंटच्या मणक्यातले स्क्रू मी मुलाकडूनच घालून घेतोय. त्याला वाटतं मी त्याला शिकवतोय." ते मुलाकडे वळले. "ही जाण यायला मला तीस वर्षं लागली. ती तुला शिकवायला माझ्याकडे आता वर्षं नाहीत, म्हणून सळी हवी होती. माझ्या जागी तू उभा राहशील तेव्हा तुझ्या हातात असावी म्हणून. अरे गाढवा, ती तुझ्यासाठीच होती."

पिंट्या भिंतीला टेकला. हेड सिस्टरनी बाहीने डोळे पुसले. सूनबाईने तार जोडून झालेलं ड्रिल उचललं.

"ज्या हाताला हाडाची अजिबात जाण नाही, तो हात मला हवाय," ती म्हणाली. "आत्या, तुम्ही या."

"मी? अगं, मी आयुष्यभर पेशंटच्या डोक्याशी बसलेय!"

"म्हणूनच."

घुबड बंद झालं, कोट त्याच्या डोक्यावर गेला. सिस्टरनी दिवा मालवला. सळीला पांढरं दाखवून झालं, दिवा पुन्हा लागला, आणि भूलताई तीस वर्षांत पहिल्यांदा टेबलाच्या त्या बाजूला उभ्या राहिल्या. ड्रिल वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. हाड कुरकुरलं. त्यांना काहीएक कळत नव्हतं, नुसतं पुढे जात होतं, आणि मग शिट्टी आली. आधी बारीक, मग चढत चढत कानात शिरेल अशी. त्यांनी हात थांबवला.

"अजून एक पाडू का भोक?" त्यांनी विचारलं, आणि समितीतला एकजण खुदकन हसला.

मोठ्या सरांनी मणका उचलला. सवयीने तपासायची बारीक काडी भोकात घातली, आणि तिथेच थांबले. मग काडी आणि मणका दोन्ही त्यांनी मुलापुढे धरलं.

"तू बघ. तुझं बोट सांगेल ते खरं."

पिंट्याने काडी घेतली. एवढी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आज आलं होतं, आणि आजच त्याला मान वर करवत नव्हती. त्याने काडी आतून सगळीकडे फिरवली.

"भिंत शाबूत आहे," तो पुटपुटला.

सूनबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. ती सळीचं टोक पुसत होती.

"मोठ्याने सांग," ती म्हणाली. "समितीला ऐकू गेलं नाही."

त्याने मोठ्याने सांगितलं.